शेजार नसलेला चंद्र

पत्रिकेची सुरळी उलगडली आणि आत्याने तिच्या एका टोकावर अडकित्ता ठेवला, दुसऱ्यावर पाण्याचा तांब्या. पाऊणशे वर्षं गुंडाळून राहिलेला कागद, हात उचलला की परत मिटायचा. कोपऱ्यांना लावलेलं हळदकुंकू तपकिरी पडलेलं, कडा दमट हवेने मऊ झालेल्या आणि मधोमध बोरूने काढलेली कुंडली. बाराव्या घरात एकच अक्षर होतं, ‘चं’. त्याच्या एका अंगाला रवी, दुसऱ्या अंगाचं घर कोरं. खाली त्याच शाईत दोन ओळी होत्या. दुसऱ्या ओळीतल्या एका शब्दाखाली कुणीतरी नंतर पेन्सिलीने रेघ ओढली होती: केमद्रुम.

‘‘हा बघ माझा चंद्र,’’ आत्या म्हणाली. ‘‘ह्याला शेजार नाही.’’

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. दापोली तालुक्यातल्या मुरूडला आमचं घर. मागे नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला गडगा आणि गडग्यापलीकडे पुळण. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं तिथे जमायचो. आत्या ओटीवर सुपारी सोलत बसलेली असायची. कुणी पाहुणी बाई विचारायची, ‘‘तुमचं नाही का हो झालं लग्न?’’ आणि आत्या सांगायची, ‘‘माझ्या चंद्राला शेजार नाही.’’ गुडघा दुखतो म्हणून सांगावं तितक्या सहज सांगायची. पाहुणी गप्प व्हायची.

मी पत्रिका बघते. वडिलांच्या हाताखाली शिकले आणि पुढे तीस वर्षं बघत आले. पण एवढ्या वर्षांत आत्याची पत्रिका मी कधी मांडली नव्हती. तिने दिली नाही, मी मागितली नाही. तिला एक्याऐंशीवं संपत आलं आणि घरच्यांनी सहस्रचंद्रदर्शनाची शांत करायचं ठरवलं. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमा भरायला ऐंशी वर्षं आणि दहाएक महिने लागतात. गुरुजींना जन्मनक्षत्र हवं होतं, म्हणून ट्रंकेतून हा कागद बाहेर आला. ज्या चंद्रापायी ती एकटी राहिली, त्याच चंद्राच्या हजार दर्शनांचा सोहळा करायचा होता. मला त्या रात्री झोप आली नाही.

एकटा पडलेला ग्रह म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त घाई होते. राशीत दुसरा ग्रह नाही एवढ्यावरून लोक ग्रहाला एकटा म्हणतात. तसं धरलं तर जवळजवळ प्रत्येक पत्रिकेत दोनतीन ग्रह एकटे निघतील. नऊ ग्रह, बारा घरं. राहू-केतू कायम समोरासमोर. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४८च्या आतच राहतो. उरलेले चंद्र, मंगळ, गुरू आणि शनी आपापल्या चालीने फिरतात, तेव्हा त्यांतला कुणीतरी एखाद्या घरात एकटा बसलेला असणारच. घरात एकटा असणं ही काही विशेष गोष्ट नाही.

खरा एकाकी ग्रह त्याहून फार दुर्मीळ. त्याच्याशी युती नको, म्हणजे त्याच घरात दुसरा ग्रह नको, त्याच्या मागच्या-पुढच्या घरात ग्रह नको आणि त्याच्यावर कुणाची दृष्टी नको. आपल्याकडे प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या घराकडे बघतो. त्याशिवाय मंगळ चौथ्या आणि आठव्याकडे, गुरू पाचव्या आणि नवव्याकडे, शनी तिसऱ्या आणि दहाव्याकडे बघतो. एवढ्या नजरा चुकवून बसलेला ग्रह शोधायला गेलं तर सापडायला वेळ लागतो. पाश्चात्त्य पद्धतीत राशी न मोजता अंश मोजतात: दोन ग्रहांत ०, ६०, ९०, १२० किंवा १८० अंशांचं अंतर थोड्याफार फरकाने आहे का, ते बघायचं. यातलं एकही नसेल तर तो ग्रह एकाकी. थोडाफार म्हणजे किती अंश, यावर तिथेही मतभेद आहेतच. हात सैल सोडला की एकाकी ग्रह नाहीसा होतो, आखडला की दोन तयार होतात.

चंद्राचं मात्र आपल्या शास्त्राने वेगळं प्रकरण करून ठेवलंय. वराहमिहिराच्या बृहज्जातकात चंद्रयोगांचा स्वतंत्र अध्याय आहे. चंद्राच्या दुसऱ्या स्थानी ग्रह असेल तर सुनफा, बाराव्या स्थानी असेल तर अनफा, दोन्हीकडे असतील तर दुरुधरा आणि कुठेच नसेल तर केमद्रुम. यात रवी धरायचा नाही. मला हे फार समंजस वाटतं. चंद्र रवीजवळ जातो तेव्हा क्षीण होतो, अमावास्येला दिसेनासा होतो. ज्याच्याजवळ गेल्यावर आपण दिसेनासे होतो, त्याला सोबत कसं म्हणायचं? केमद्रुमाचं फळ मात्र वराहमिहिराने फार कठोर सांगितलंय. राजाच्या कुळात जन्मला तरी तो माणूस मळका, दुःखी, दरिद्री, दुसऱ्याची चाकरी करणारा. पण तिथेच असंही सांगितलंय की चंद्र केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या घरात, असेल किंवा ग्रहाने युक्त असेल तर केमद्रुम मानू नये. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. दुसऱ्यापाशी यायच्या आत निकाल देऊन झालेला असतो.

आत्याच्या बाबतीत तेच झालं. १९६२ साली, ती अठराची असताना, एका ज्योतिषाने आमच्या ओटीवर बसून ही पत्रिका मोठ्याने वाचली. चंद्र बारावा, म्हणजे व्ययात. त्यात केमद्रुम. गुरू बघतोय खरा, पण तो वक्री, उलट चालीचा. मुलीला स्वतःचं घर लाभणार नाही, माणसं टिकणार नाहीत. ओटीवर त्या वेळी पाहण्याच्या कार्यक्रमाला आलेली मंडळी बसली होती. ती चहा न घेता उठली. दोन वर्षांत ही गोष्ट आंजर्ल्यापासून दाभोळपर्यंत पोचली आणि स्थळं येईनाशी झाली. मी त्या माणसाला पाहिलेलं नाही, तो केव्हाच गेला. पण पत्रिका बघायला बसले की त्याची आठवण माझ्यासमोर असते. समोर अठरा वर्षांची मुलगी बसलीय आणि आपण तिच्याबद्दल दहा माणसांत बोलतोय, एवढं भान ज्याला नाही त्याने पंचांगाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

वडील मला एकाकी ग्रह शिकवायला हर्णैच्या बंदरावर घेऊन गेले होते. लिलाव आटपला होता, टोपल्या धुतल्या जात होत्या. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. ‘‘एकटा आहे का हा?’’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. चारही बाजूंनी समुद्र, एकटाच तर आहे. मग त्यांनी मला कनकदुर्गाच्या चढावर नेलं, तिथून फत्तेगड दाखवला, गोवा किल्ल्याची तटबंदी दाखवली. किनाऱ्यावर तीन किल्ले, तिघांचीही तोंडं त्या पाण्यातल्या किल्ल्याकडे. ‘‘युती नाही, शेजार नाही. पण दृष्टी आहे ना? तीन-तीन नजरा आहेत त्याच्यावर. उद्या तिथे काही झालं तर इथे कळणार. याला एकटा म्हणायचं नाही.’’ त्यानंतर मी जेव्हा कुठली कुंडली हातात घेते, तेव्हा एकट्या बसलेल्या ग्रहाचे किनाऱ्यावरचे किल्ले आधी शोधते.

आणि एवढं शोधूनही कुणी सापडलं नाही तर? असा ग्रह मी सगळ्यात जवळून पाहिला तो आमच्या पाखाडीतल्या एका बागायतदाराच्या पत्रिकेत. मंगळ तिसऱ्या घरात, खरोखर एकाकी. मागेपुढे कुणी नाही, कुणाची नजर नाही. माणूस इतका शांत की गावकीच्या बैठकीत त्याचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. मंगळ पराक्रमस्थानी आणि माणूस असा कसा, म्हणून त्याची बायको मला विचारायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारपर्यंत आमच्या पट्ट्यातल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड घरांवर पडले, विजेचे खांब आडवे झाले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हा माणूस कोयती आणि करवत घेऊन बाहेर पडला. पाखाडी आडव्या झाडांनी भरलेली. त्याने एका टोकापासून सुरुवात केली. पंधरा दिवस तो थांबला नाही. आधी पाखाडी मोकळी केली, मग म्हाताऱ्या माणसांची आगरं, मग देवळाची वाट. हाताला फोड आले, त्यावर फडकं बांधून काम करत राहिला.

पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. सोळाव्या दिवसापासून लोकांना तो नकोसा झाला. कापायला नको असलेली झाडंही तो कापायला निघाला. मोडलेला पण जगू शकणारा एक माड त्याने शेजाऱ्याला न विचारता तोडला, त्यावरून भांडण झालं, पोलीस पाटलापर्यंत गेलं. महिन्याभराने तो परत पहिल्यासारखा गप्प झाला. त्या माडाबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘‘मला थांबता येईना.’’

एकाकी ग्रहाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. इतर ग्रहांना आवरणारं, चुचकारणारं कुणीतरी असतं. मंगळावर गुरूची नजर असली की तो तलवार काढण्याआधी कारण विचारतो. शनी बरोबर असला की हात उशिरा उचलतो, पण हिशेबाने. एकाकी मंगळाला दोन्ही नाही. तो वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहतो, माणसाला स्वतःलाही आठवत नाही की आपल्यात हे आहे. आणि कधीतरी जागा झाला की सगळं घर त्याचं. त्याला दुबळा म्हणणं ही मोठी चूक आहे. त्याच्यात भेसळ नसते, म्हणून तो जिथे आहे तिथे पुरेपूर आहे. फक्त त्याला थांबा म्हणणारं कुणी पत्रिकेत नाही, म्हणून ते काम बाहेरच्या माणसांनी करायचं असतं. त्या बागायतदाराच्या बायकोला मी एवढंच सांगितलं: पुढच्या वेळी पाचव्या दिवशी त्याच्या हातातली कोयती काढून घ्या, आणि अधल्यामधल्या शांत वर्षांत त्याला रोज थोडं अंगमेहनतीचं काम राहू द्या. तिने त्याला विहिरीचा गाळ काढण्यापासून सुरुवात करून दिली.

असा ग्रह वाचताना मी आधी त्याचा घरमालक बघते. ग्रह एकटा असला तरी तो कुणाच्या तरी राशीत राहतो, आणि त्या राशीचा स्वामी कुठे, कसा बसलाय यावर भाडेकऱ्याचं बरंच काही ठरतं. मग नक्षत्राचा स्वामी. मग नवमांश, म्हणजे राशीचे नऊ भाग करून मांडलेली कुंडली, कारण तिथे कधीकधी या एकट्याला अचानक कुणीतरी भेटतं. आणि दशा. विंशोत्तरी या दशापद्धतीत प्रत्येक ग्रहाला आपल्या अमलाची वर्षं मिळतात, चंद्राला १०, मंगळाला ७, शुक्राला तर २०. एकाकी ग्रह आयुष्यभर बोलला नसला तरी स्वतःच्या महादशेत बोलतो. गोचरीचंही, म्हणजे आकाशात चालू असलेल्या ग्रहभ्रमणाचंही, तसंच. ज्याच्याकडे रोज कुणी येत-जात असतं त्याला पाहुण्याचं अप्रूप नसतं. एकाकी ग्रहावरून शनी जातो तेव्हा अडीच वर्षं त्याच्या दारात माणूस उभा असतो. त्या काळात अशा लोकांना काय काय होतं, ते फार बारकाईने ऐकावं.

आता आत्याचा कागद.

मी रात्री तो परत उघडला. शके १८६५, सुभानुनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध तृतीया, शनिवार. म्हणजे फेब्रुवारी १९४४. जन्मवेळ ‘सकाळी १०, पोस्टाचे घड्याळ’. शेजारी ‘सूर्योदयात् गत घटी ७ पळे ३२’. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, मेष. मीनेचा चंद्र अर्थातच बारावा. तळाशी पत्रिका लिहिल्याची मिती होती, शके १८७०. तिथे मी थांबले. म्हणजे पत्रिका मांडली ती आत्या चार वर्षांची झाल्यावर, आजोबांच्या टिपणवहीतली वेळ बघून.

१९४४ साली पोस्टाच्या घड्याळात दहा वाजले होते, तेव्हा खरे किती वाजले होते?

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे केली होती. १ सप्टेंबर १९४२ ला पुढे केली आणि १५ ऑक्टोबर १९४५ ला परत मागे आणली. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या माणसाच्या घड्याळवेळेतून एक तास वजा करावा लागतो. वडिलांनी मला हे पहिल्याच वर्षी घोकून घेतलं होतं. शके १८७० मध्ये, म्हणजे १९४८ साली, पत्रिका मांडणाऱ्याने वहीत दहा बघितले आणि दहाच धरले. घड्याळं मागे येऊन तीन वर्षं झाली होती, त्याच्या लक्षातून गेलं असेल. सात वाजता सूर्योदय, दहाला जन्म, तीन तास, साडेसात घटी. त्याचं गणित चोख आहे. आधाराला घेतलेला आकडाच चुकीचा.

त्या दिवशी नऊ वाजता आमच्या किनाऱ्यावर मीन लग्न होतं.

सकाळी आत्या विहिरीवर पंप लावून आली तेव्हा मी तिला विचारलं, तुझ्या जन्माबद्दल आजी काय सांगायची? तिला फक्त एक गोष्ट माहीत होती. सुईण हर्णैहून पुळणीवरून चालत आली होती, ओहोटी होती म्हणून. बाळंतपण पटकन झालं. ती परत निघाली तेव्हा पाणी नुकतं उलटलं होतं, तिच्या पावलांच्या खुणांत भरायला लागलं होतं. आजी ते खिडकीतून बघत होती. ‘‘आई म्हणायची, पोर झाली नि दर्या वळला.’’

आपल्याकडचा प्रत्येक नाखवा भरतीची वेळ तिथीवरून काढतो. तिथीची पाऊणपट करायची. तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठच्या आगेमागे, पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. आपल्या इथला सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सदतीसेक मिनिटं मागे चालतो, तेही लक्षात घ्यावं लागतं. तरी नऊच्या सुमारास पाणी नुकतं उलटलेलं असणार. दहा वाजता ते पुळणीवर बरंच चढून आलं असतं, सुईणीला वरच्या वाटेने जावं लागलं असतं. पोस्टाचं घड्याळ सरकारने पुढे केलं होतं. दर्याचं कुणी केलं नव्हतं.

मी नवी कुंडली मांडली. लग्न मीन. चंद्र मीनेतच, पण आता तो बाराव्यातून उठून लग्नात आला. लग्न हे केंद्र. चंद्र केंद्रात असला तर केमद्रुम मानू नये, हे वराहमिहिराचं दुसरं वाक्य. लग्नाचा स्वामी गुरू, तोच त्या चंद्राचा घरमालक, पाचव्यात कर्केत उच्चीचा. वक्री आहे, पण आहे. आणि कर्केतून नववी दृष्टी थेट मीनेवर. मेष लग्नाला चंद्र चतुर्थेश, म्हणजे चौथ्या, घराच्या स्थानाचा स्वामी, म्हणून ‘घर लाभणार नाही’ हे फळ निघालं होतं. मीन लग्नाला चंद्र पंचमेश. पंचमाचा स्वामी लग्नात. पंचम म्हणजे मुलं.

आत्याने मुरूडच्या बालवाडीत तीस वर्षं काढली. गावातली निम्मी माणसं तिने अक्षर गिरवून दिलेली आहेत.

इथे मला स्वतःवर लगाम घालावा लागला, कारण हवं ते फळ सापडलं की ज्योतिषाची लेखणी धावते, मग ते फळ चांगलं असो की वाईट. म्हणून मी तीच पत्रिका टिळक पंचांगाने मांडून बघितली. कोकणात हे केल्याशिवाय चालत नाही. आमच्या भागात कित्येक घरं टिळक पंचांग मानतात. काही अधिक महिन्यांच्या वर्षी तर त्यांचे सण इतरांपेक्षा महिनाभर पुढेमागे होतात, एकाच पाखाडीत एका घरी गणपती येऊन गेलेले असतात आणि दुसऱ्या घरी यायचे असतात. फरक आहे तो राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची याचा. एक पक्ष चित्रेच्या ताऱ्यावरून मोजतो, दुसरा रेवतीच्या. दोन्हींत साधारण चार अंशांचं अंतर पडतं. तीस अंशांच्या राशीत चार अंश थोडे नव्हेत. राशीच्या शेवटाशी बसलेला ग्रह पुढच्या घरात जातो.

आत्याच्या पत्रिकेत तेच झालं. चित्रापक्षाने कर्केच्या शेवटी असलेला गुरू टिळक पंचांगाने सिंहेत गेला आणि त्याची चंद्रावरची नजर सुटली. मला वाईट वाटलं. पण मकरेच्या शेवटी असलेला बुध त्याच हिशेबाने कुंभेत आला. कुंभ म्हणजे चंद्राचं बारावं. म्हणजे अनफा. केमद्रुम मुळातच नाही. एका पंचांगात चंद्राला शेजार नाही पण गुरूची नजर आहे, दुसऱ्यात ती नजर नाही पण शेजार आहे. आणि दोन्हींत तो लग्नात आहे. खऱ्या अर्थाने एकटा असा तो कुठल्याच पंचांगात नाही.

मग मी बराच वेळ ओटीवर बसून होते. आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर, याच मुरूडात, १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा जन्म झाला. भारतीय ज्योतिषाचा आधुनिक काळातला पहिला मोठा मराठी इतिहास त्यांनी लिहिला, तो १८९६ साली छापून निघाला. पंचांगाचे ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळतात की नाही, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. इथून उत्तरेला, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात, गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ग्रहलाघव रचला. ‘ज्या’ आणि ‘चाप’, म्हणजे साइन आणि कंस, यांचं किचकट गणित टाळून ग्रह काढायची सोपी रीत त्यांनी दिली, म्हणून खेड्यापाड्यातल्या जोशांना घरबसल्या पंचांग करता आलं. याच किनाऱ्यावरच्या माणसांनी एकेका कलेसाठी, अंशाच्या साठाव्या भागासाठी, आयुष्यं घातली. आणि आमच्या ओटीवर बसलेल्या माणसाने तासाभराचा फरक तपासला नाही.

त्याला सगळा दोष देऊनही भागत नाही. मला शिकवणारे वडील त्या वेळी मोठे होते, सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. ही त्यांची सख्खी बहीण. युद्धकाळाचा तास त्यांना ठाऊक होता, त्यांनीच तो मला शिकवला. त्यांनी बहिणीची पत्रिका कधी उघडून बघितली नसेल? की ते शिकले तेच त्यानंतर, आणि तोवर उशीर झाला होता? आमच्या घरात मोठ्या माणसांनी एकदा ऐकलेलं पुन्हा काढायचं नाही, अशी रीत होती. मीही तीस वर्षं ती पाळलीच.

आत्याची चंद्राची महादशा तिच्या साठीच्या आसपास सुरू झाली, दहा वर्षं चालली. बालवाडीतून ती तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. त्याच काळात पाखाडीतल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांची मुलं मुंबईला, दुपारच्या आमच्या ओटीवर यायला लागल्या. आधी दोघी, मग सात-आठ. आत्या सगळ्यांना पेज करायची, बरोबर भाजलेला पापड आणि कैरीचं लोणचं. कुणी वाती वळायचं, कुणी झावळीचे हीर काढायचं, कुणी नुसतं भिंतीला टेकून झोपायचं. त्यातल्या पाच जणी गेल्या, शेवटच्या दिवसांत त्यांच्या उशाशी आत्या होती. चंद्र लग्नात म्हणजे काय, हे मला पुस्तकात सापडलं नसतं.

शांत झाली त्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तास, लग्न, गुरू, बुध, दोन्ही पंचांगं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं झाल्यावर तिने विचारलं, ‘‘म्हणजे एका तासाने?’’

‘‘हो आत्या. एका तासाने.’’

ती खूप वेळ काही बोलली नाही. खळ्यात मांडवाचे बांबू सोडत होते, त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं ती रडेल, किंवा चिडेल, आणि दोन्हीसाठी मी तयार होते. तिने पदराने चष्मा पुसला.

‘‘आईने पाणी बघितलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तिला कुणी विचारलंच नाही.’’

मी नवी पत्रिका चांगल्या कागदावर लिहून आणली होती, कोपऱ्यांना हळदकुंकू लावून. ती तिच्या हातात दिली आणि जुनी उचलायला लागले. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘‘ती कुठे नेतेस?’’

‘‘चुकीची आहे ती. विसर्जन करू.’’

‘‘त्रेसष्ट वर्षं मी तिच्याबरोबर काढलीयत, बाय. राहू दे.’’ तिने दोन्ही सुरळ्या एकत्र धरल्या, देवघरातला लाल दोरा काढून त्यांना बांधला आणि ट्रंकेत ठेवल्या. मग झाकण लावता लावता म्हणाली, ‘‘पंप बंद केलास का गो? पोफळींत पाणी साचलं असेल.’’

मी केला नव्हता. आम्ही दोघी बॅटरी घेऊन आगरात गेलो.